रोटाचं बोलावणं

सुरत
२१ जुलै २०२५

प्रिय मोठी माय,

तू घरी सुखरूप पोचलीस असं योगेंद्रदादाच्या फोनवरून काजलवहिनीने कळवलं. निघताना तू माझ्या कानाशी म्हणालीस, "फोन नको, मन्हा फोन आख्खं घर आयकस. चिठ्ठी लिख." म्हणून लिहिते आहे. माझं अक्षर बारीक असतं. तुला वाचता यावं म्हणून शाळेतल्यासारखं मोठं काढते आहे.

एक गोष्ट नीट सांगायची राहिली. आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तुझ्या मांडीच्या नसेतून नळी घालून हृदयात नवी झडप बसवली, ती छान बसली आहे. पण झडप जिथे बसते त्याच भिंतीतून ठोक्याचा संदेश नेणारी तार जाते. नव्या झडपेचा दाब त्या तारेवर येऊ शकतो. कधी लगेच येतो, कधी घरी गेल्यावर, सगळं ठीक आहे असं वाटत असताना. तुझा शेवटचा ईसीजी मीच काढला. त्यात ती तार थोडी मंदावलेली दिसली. म्हणून डॉक्टरांना तुझ्या छातीवर ठोके टिपणारी पट्टी चिकटवून तुला घरी पाठवायचं होतं.

तू नाही म्हणालीस. कानबाईच्या दिवशी डोक्यावरून न्हायचं, नवं लुगडं नेसायचं, अंगाला असलं काही चिकटवून देवीसमोर कसं बसायचं, असं म्हणालीस. आणि मी तुझ्या वतीने डॉक्टरांशी बोलले. सणानंतर पट्टी लावली तर चालेल का, असं विचारलं. ते म्हणाले, "ठीक आहे. पण डोळ्यांपुढे अंधारी आली, चक्कर आली, पडल्या, तर सण बघायचा नाही. लगेच आणायचं." मी हो म्हटलं. ते हो मी तुझ्या नावाने म्हटलं आहे, मोठी माय, हे लक्षात ठेव.

तेव्हापासून मनात येतं की मी तुझ्यासाठी बोलले की स्वतःसाठी. इतक्या वर्षांनी तू माझा हात धरून झोपायचीस, मोठे बाबा समोरच्या बाकावर बसलेले असायचे आणि मी त्यांना दिसतच नसल्यासारखे भिंतीकडे बघायचे. निदान तू तरी माझ्यावर रागावू नयेस असं मला वाटत होतं.

रक्त पातळ ठेवायची गोळी चुकवू नकोस. कानबाईला नाचू नकोस, घागर उचलू नकोस. बाबा यंदाही सारंगखेड्यालाच असतील. कानबाईचा रोट भावाभावांनी एकत्र बसून खायचा ना, त्याचा विषय निघाला की ते मळ्यात निघून जातात.

तुझी चारू


पुरुषोत्तमनगर
६ ऑगस्ट २०२५

चि. चारुलता हिला मोठ्या मायचा आशीर्वाद.

चौथी शिकले त्यानंतर एवढं मोठं काही लिहिलं नाही. हसशील तर काजलला सांगून तुझे कान ओढायला लावीन.

तुझ्या बापाने तुला फोनवर सांगितलंच असेल. तरी मी सांगते. यंदा कानबाई चांगली बसली. रविवारी रात्रभर गाणी झाली. रोटाचे गहू तुझ्या मोठ्या बाबांनी मुठीने काढले. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन मूठ काढतात, तुला माहीतच आहे. तुझ्या बापाच्या, नथ्थूभाऊच्या नावावर आले की ते खोकतात आणि पुढच्या नावावर जातात. यांनी आणलेलं ते शिरपूरचं स्थळ तू नाकारलंस आणि बाप तुझ्या बाजूने उभा राहिला, तेव्हापासून दरसाल खोकतात. आम्ही बाया सुपाकडे बघत बसतो.

सोमवारी सकाळी देवी उठवायची, विसर्जनाला न्यायची वेळ झाली. ढोल वाजत होता. मी दारात आरती घेऊन उभी होते. मग मला कळलं नाही. उठले तर तोंडावर पाणी, कपाळभर कुंकू, माझं डोकं शेजारच्या दगूबाईच्या मांडीवर, आणि माझ्या अंगात आलं म्हणून सगळ्या बाया ओरडताहेत, "कानबाई उनी! कानबाई उनी!" तुझे मोठे बाबा हात जोडून उभे. लग्न झाल्यापासून त्यांनी माझ्यापुढे हात जोडलेले मी पहिल्यांदा बघितले. म्हणाले, "माय, काय चुकनं आमनं? काय पाहिजे तुले?"

तेव्हा तोंडातून निघालं, "नथ्थूले बलावा. त्यान्या शिवाय रोट खाऊ नका."

बस. योगेंद्र मोटरसायकल घेऊन सारंगखेड्याला गेला. नथ्थूभाऊ आला तो भिजलेल्या धोतरावर, मळ्यातून तसाच. दोघे भाऊ एका ताटात जेवले. नथ्थूभाऊ मान खाली घालून खात होता आणि रोट मऊ करायला त्याला दूध लागलंच नाही, इतकं पाणी त्याच्या डोळ्यांतून येत होतं.

माझी तब्येत बरी आहे. मांडीची जखम भरली. पट्टीसाठी आता येणं काही जमत नाही. घरात माणसं येतात.

अनुसयाबाई


सुरत
११ ऑगस्ट २०२५

प्रिय मोठी माय,

तुझं पत्र चारदा वाचलं. बाबांचा फोन सोमवारी संध्याकाळीच आला होता. ते नीट बोलूच शकत नव्हते. "चारू, मले देवीनं बलायं. दादानं नई, देवीनं सोता बलायं." मग आईने फोन घेतला, ती पण रडत होती. माझ्यामुळे जे तुटलं ते जुळलं. तुला मी काय देऊ?

तरी एक विचारते. रागावू नकोस. मी असं विचारते म्हणून मलाच माझी लाज वाटते. देवी अंगात येण्याआधी तुला काय झालं? मी लहानपणी मंजाई आजीच्या अंगात आलेलं पाहिलं आहे. तिचं अंग आधी थरथरायचं, ती घुमायची, केस सोडायची, हुंकार द्यायची. तुझ्या पत्रात तसं काही नाही. आरतीचं ताट हातात होतं आणि मग कळलं नाही, एवढंच आहे. ताट कोणी धरलं? की पडलं? तू आधी बसलीस की उभीच्या उभी पडलीस?

असेल, देवीच असेल. माझं कामच असं आहे की कोणी पडलं म्हटलं की मला आधी ठोके दिसतात. आमच्याकडे आलेल्या माणसाला मी 'नमस्कार' म्हणायच्या आधी त्याचं मनगट धरते, अशी मैत्रिणी माझी चेष्टा करतात.

शनिवारी योगेंद्रदादाला सुट्टी असेल. फक्त पट्टी लावायला या. लोकांना सांगायची गरज नाही. डॉक्टरांना मी अजून काही बोलले नाही.

तुझी चारू


पुरुषोत्तमनगर
१८ ऑगस्ट २०२५

चि. चारू,

दोन बुकं शिकनी त देवीनी परीक्षा लेस का? असं मी मनात म्हटलं आणि तसंच लिहिते आहे. ताट पडलं की धरलं ते तू कानबाईलाच विचार.

इथे काय चाललं आहे ते तुला माहीत नाही. मंगळवारी बाया येतात. माझ्यासाठी चौरंग मांडतात. मी नको म्हणते तर म्हणतात, देवी नको म्हणतच असते. दगूबाईची सून माहेरून परत येत नाही, तर दगूबाई माझ्या पायावर डोकं ठेवून विचारते, "माय, येईल का?" मी काय सांगणार? मी म्हटलं येईल. सून आली. आता मंगळवार नसतानाही आणखी बाया येऊन बसतात. एकीने तर मला खारी बुंदी आणून दिली आणि म्हणाली देवीला गोड चालत नाही असं स्वप्नात आलं. मला मेलीला गोडच आवडतं.

तुझे मोठे बाबा आता माझ्याशी हळू बोलतात. नथ्थूभाऊ मळ्यातली पपई घेऊन येतो, दोघे ओट्यावर बसतात, उसाचं बोलतात, विहिरीवरच्या मोटारीचं बोलतात. तू मला शनिवारी सुरतेला नेऊन छातीला तारा लावल्यास आणि डॉक्टर काही तिसरंच म्हणाला, तर मग ओट्यावर कोण बसेल? तू शिकलेली आहेस, तूच सांग.

कपाळाला जरा टेंगूळ आलं आहे, न्हाणीचं दार लागलं. काळंनिळं झालं, तुझ्या त्या गोळीमुळे. बाकी मजामा शे.

अनुसयाबाई

(मागच्या बाजूला, निळ्या पेनने)

चारूताई, मी काजल. पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं, मी उघडून वाचलं, माफ करा. दार लागलेलं नाही. आई न्हाणीत पडल्या. त्याआधी स्वयंपाकघरातही ओट्याला धरून खाली बसल्या होत्या, डोळे उघडे पण बघत नव्हत्या. मला कानबाईची शपथ घातली आहे की फोन करायचा नाही. लिहायचं नाही असं म्हणाल्या नव्हत्या.


सुरत
२२ ऑगस्ट, पोळा

मोठी माय,

हे पत्र पोस्टाने पाठवत नाही. शहाद्याच्या एसटीच्या वाहकाच्या हाती देते आहे, काजलवहिनी स्टँडवर येऊन घेईल. तिच्यावर रागावू नकोस. तिने शपथ मोडली नाही.

आज सकाळी तुझं पत्र मिळालं आणि मी लगेच योगेंद्रदादाला फोन केला. त्याने स्पीकर लावून तुलाच विचारलं आणि तू सगळ्यांसमोर हसून म्हणालीस, "मले काय धाड भरस? मजामा शे मी." मागे बाया बसल्याचा आवाज येत होता. दादा म्हणाला, बघ, आई तर हसते आहे. मी त्याला म्हटलं उद्या आणच. तो म्हणाला, पोळा होऊ दे. फोनवर मी यापेक्षा जास्त बोलू शकले नाही. आख्खं घर ऐकत होतं.

म्हणून आता लिहून सांगते. तू उंबऱ्यात पडलीस तेव्हा तुझ्या हृदयाचा ठोका थांबला होता. थोडा वेळच थांबला, मग आपोआप सुरू झाला. न्हाणीतही तेच झालं, ओट्यापाशीही तेच. झडप चांगली आहे, तार तुटते आहे. एकदा असा थांबेल की सुरू होणार नाही. मी घाबरवत नाही. आज मी डॉक्टरांपुढे उभी राहून सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "तुम्हाला हे कधीपासून माहीत आहे?"

कधीपासून ते तुला सांगते, त्यांना सांगू शकले नाही. चार तारखेच्या संध्याकाळपासून. बाबांनी फोनवर "ती एकदम पडनी" म्हटलं तेव्हाच मला तुझा तो शेवटचा ईसीजी आठवला होता. पण बाबा रडत होते. मी त्यांचा आवाज इतका हलका कधीच ऐकला नव्हता. मला ती कानबाईच हवी होती, मोठी माय. मग मी तुला ते ताटाचे आणि घुमण्याचे प्रश्न लिहीत बसले, जसं काही मला ठाऊकच नाही. उत्तर तूच द्यावंस आणि ते माझ्या तोंडून निघू नये, असं मला वाटत होतं. माझ्या घराचं जुळत होतं म्हणून मी तुझे ठोके मोजले नाहीत. शिकून हेच शिकले का मी, असं सकाळपासून डोक्यात आहे.

म्हणून आता मी खोटं बोलायलाही तयार आहे. तू कोणालाच काही सांगू नकोस. महिन्याची तपासणी आहे, सगळ्यांनाच असते, असं सांग. देवी देवीच्या जागी राहू दे. इथे छातीत कातडीखाली एक छोटी डबी बसवतील, ती ठोका चुकू देत नाही. लोकांना काय सांगायचं ते मी बघेन. बाबांना तर मी कधीच सांगणार नाही. फक्त ये.

तोवर न्हाणीची कडी लावू नकोस, एकटी चुलीपाशी उभी राहू नकोस. पुन्हा पडलीस तर सुरतेची वाट न बघता जवळच्या दवाखान्यात आधी न्यायचं, हे काजलवहिनीला सांगितलं आहे. मी उद्या सकाळच्या गाडीने नंदुरबारला उतरते आणि तिथून शहाद्याला येते. तू निघाली नसशील तर तुझ्या चौरंगापुढे बायांच्या रांगेत बसेन आणि माझी पाळी आली की तुझं मनगट धरेन.

चारू


पुरुषोत्तमनगर
२० सप्टेंबर २०२५

चि. चारू,

दवाखान्यात बोलता आलं नाही. तू सारखी यायचीस, पट्ट्या लावायचीस, कागद बघायचीस, पण खोलीत कोणी ना कोणी असायचंच. आता घरी आले. डावा हात वर करायचा नाही म्हणून केसही काजलच विंचरते, आणि मोबाइल उजव्या बाजूला धरायचा असं तू शिकवलंस तसं करते. उजव्या हाताने लिहिते आहे, तो तर मोकळाच आहे.

तुझी चिठ्ठी पोळ्याच्या संध्याकाळी मिळाली. बैल ओवाळून झाले होते. मी ती न्हाणीत बसून वाचली. कडी लावली नव्हती.

तू लिहिलंस की तुला लाज वाटते. पोरी, तुझी लाज चिमूटभर. माझी ऐक.

उंबऱ्यात मी पडले तेव्हा मला काही कळलं नाही हे खरं. काळा पडदा आला आणि गेला. पण डोळे उघडले तेव्हा मी पूर्ण शुद्धीत होते. कानबाई कुठेच नव्हती. माझी मीच होते, अनुसया, ओल्या लुगड्यातली. बाया ओरडत होत्या आणि हे हात जोडून विचारत होते, काय पाहिजे तुले. मी बघितलं त्यांच्याकडे. मनात आलं, हा माणूस मला आजवर असं विचारत नव्हता आणि पुन्हा कधी विचारणार नाही. आत्ता मागितलं तर मिळेल. मग मी आवाज जड करून म्हटलं, नथ्थूले बलावा.

तोंडातून निघालं असं मी तुला लिहिलं होतं. निघालं नव्हतं. मी काढलं होतं.

देवीच्या नावाने खोटं बोलले. आणि एकदा बोलल्यावर मला आजारी पडता येईना. जितक्या वेळा अंधारी आली तितक्या वेळा वाटलं, हा दंड आहे, गुपचूप भोग. कोणाला सांगितलं तर आजार खरा ठरेल, आजार खरा ठरला की देवी खोटी, आणि देवी खोटी की नथ्थूभाऊ परत सारंगखेड्याला. यात मेले तरी चालेल असंही वाटलं एकदा. मेले तर निदान देवीने नेलं म्हणतील.

पण तुझ्या चिठ्ठीत तू म्हणतेस की मी पण खोटं बोलेन. तेवढं वाचून मला राहवलं नाही. म्हटलं, एका खोट्यात मी बसले आहे, आता पोरीला पण ओढू का? जिच्यासाठी एवढं घर फुटलं, तिला तरी खरं बोलता यावं म्हणूनच तर तिच्या बापाने तिला शिकवलं ना.

उठले आणि यांना स्वयंपाकघरात बोलावलं. काजलला बाहेर पाठवलं. सगळं सांगितलं, पडण्याचं पण आणि बोलण्याचं पण. पायाकडे बघून सांगितलं. वाटलं, आता मारतील किंवा घराबाहेर काढतील.

त्यांनी पाट ओढून घेतला. मग पाटावर बसून म्हणतात, "मले मालूम व्हतं."

मी म्हटलं काय मालूम व्हतं?

"तू बोलनी तवाच वळखं मी. हाई देवी नई, हाई अनुसया शे. देवी आपला मायना अंगमा येती, मी दखेल शे. तू त निस्ती बोलनी."

मी विचारलं, "मंग हात काब्र जोडी ऱ्हायंतात?"

तर मान वर करेनात. म्हणाले, "मले आपलाच भाऊले बलावानी लाज वाटे. मी बहानानीच वाट दखी ऱ्हायंतू." न्हाणीत मी पडले ते त्यांना माहीत नव्हतं. टेंगूळ बघून दारावर विश्वास ठेवला होता. ते कळलं तेव्हा मात्र हातातला पितळी तांब्या तिथेच ठेवून उठले.

गाडी त्यांनीच बोलावली. रात्र व्हायच्या आत निघालो, म्हणून तुला सकाळची गाडी धरावी लागली नाही. वाटेत नवापूरजवळ पुन्हा काळा पडदा आला. परत आले तेव्हा माझ्या कानाशी कोणी तरी "अनुसया, अनुसया" अशा हाका मारत होतं. मला वाटलं माझा बाप आला. हे होते. यांनी मला नावाने हाक कधी मारली नव्हती. "ओ" म्हणायचं की नाही तेच मला कळेना.

आता बाकीचं. मंगळवारी बाया आल्या. मी चौरंगावर बसले नाही, खाली बसले. सांगितलं, बायांनो, देवी नव्हती, काळीज बंद पडत होतं, हे बघा. पदर बाजूला करून डबीचा उंचवटा दाखवला. दोघी उठून गेल्या. दगूबाई जवळ आली, तिने उंचवट्याला बोट लावलं, तेच बोट कपाळाला लावलं आणि म्हणते, "मंग आते देवी आठेच बठेल शे." देवी आता इथेच, डबीत बसली म्हणे. काय करू ह्या बाईला? मी रडले तर तिला वाटलं देवी रडते.

आणखी एक काम राहिलं आहे आणि ते मला होत नाही. नथ्थूभाऊला अजून ठाऊक नाही, बायांचं बोलणं सारंगखेड्यापर्यंत गेलेलं नाही. तो दवाखान्यात यायचा, माझ्या पायाला हात लावायचा. यांच्या तोंडून निघत नाही, माझ्या पण नाही. तू सांगशील का? नाही सांगितलंस तरी मी काही म्हणणार नाही.

मोठी माय


सुरत
२८ ऑक्टोबर २०२५

प्रिय मोठी माय,

दिवाळीला घरी जाईपर्यंत मला बाबांना सांगता आलं नाही. फोनवर सांगायचं नव्हतं. तू मला लिहिलं होतंस तसं मीही त्यांच्या पायाकडे बघून सांगितलं. बाबा पपईचं खोकं बांधत होते. सुतळी तोडली आणि म्हणाले, "मंग मले कोनीच बलायेल नव्हतं."

मी म्हटलं, मोठ्या मायने बोलावलं.

"वहिनी त दरसाल मनातून बलावस. दादानं नव्हतं बलायं."

मी तुम्हाला हे सांगायलाच नको होतं का, असं मी विचारलं. ते पुढचं खोकं बांधायला लागले. तुमच्याकडून फराळाचा निरोप आला तेव्हा ते गेले नाहीत. खोटं दुखणं सांगितलं. पाडव्याला पण नाही. आई माझ्याकडे बघायची आणि आत निघून जायची. मला वाटायचं, बारावीत असताना मी एकदा घर फोडलं आणि आता जुळलेलं पुन्हा माझ्याच हाताने फोडलं, आणि दोन्ही वेळा फक्त खरं बोलून.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मोठे बाबा आले. तू त्यांना पाठवलं नाहीस असं ते म्हणतात. मी खरं धरते. योगेंद्रदादा नव्हता, एकटेच बसने आले होते. फाटकाशी उभे राहिले. आत येईनात. बाबा ओट्यावर होते, उठेनात. मी दारामागे होते.

मोठे बाबा म्हणाले, "मोटर चाली ऱ्हायनी का?"

बाबा म्हणाले, "चाली ऱ्हायनी."

"लाइट?"

"रातले येस."

आमचा कुत्रा मोठ्या बाबांचा पाय हुंगत होता आणि ते त्याला हाकलतही नव्हते. शेवटी टोपी काढून हातात घेतली. फाटकाकडे बघून बोलल्यासारखे बोलले, "देवीनं नई बलायेल. बलावाले मी येल शे."

बाबांना ओट्यावरून उतरायला वेळ लागला. फाटक उघडलं आणि म्हणाले, "बठ, दादा." एवढंच. मिठी वगैरे नाही मारली, तुला वाटेल म्हणून सांगते. दोघे खाटेवर बसले आणि बराच वेळ समोरच्या बाभळीकडे बघत राहिले.

मी पाणी घेऊन गेले. मोठे बाबा प्यायले. भांडं परत देताना पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दवाखान्यात इतके दिवस समोर होते, तिथेही पाहिलं नव्हतं. मला वाटलं, शिरपूरचं काढतील. ते म्हणाले, "ती चिठ्ठी तू उशिरा धाडी."

बाबा काही बोलणार होते. मी त्यांना थांबवलं. मी म्हटलं, "हो. उशिरा पाठवली."

त्यांनी मान हलवली. "मीबी उशिरा उनू," म्हणाले, आणि मला चहा ठेवायला सांगितलं.

मोठी माय, पुढच्या तपासणीला तू आलीस की डॉक्टर विचारतील, चक्कर येते का. तेव्हा मी खोलीत असेन, पण तुझ्या वतीने काही बोलणार नाही. डबीचे ठोके मशीन सांगतं. बाकीचं तूच सांग.

तुझी चारू